कच्ची वाफ

जळगावच्या दुकानात दोन यंत्रं शेजारी.
एकाला बटण : दाबलं की कप भरतो,
दूधही आपलं आपण फेसाळतं.
दुसऱ्याला नुसतं हँडल,
दळा, ठासा, ओढा,
चुकलं तर मोरीत ओता.

वैजू म्हणाली, बटणाचं घे.
माझी ड्युटी पहाटेची,
तुझ्या प्रयोगांसाठी गाडी थांबायची नाही.

खरंच होतं.
पण दादा भुसावळच्या शेडमध्ये फिटर,
वाफेच्या काळातले;
काट्याकडे बघायच्या आधी
पाइपाजवळ तळवा नेऊन सांगायचे,
कच्ची आहे अजून.

हँडलवालं आणलं.
पहिला आठवडा आंबट, दुसरा जळका.
मे महिना, वीज गेलेली, कूलर मुका,
गॅसवर पाणी ठेवून उभा मी घामाघूम,
आणि एका पहाटे मनगटालाच कळलं
भुकटी आज जरा भरड पडलीय.

ती बिल्ला लावते, वेणी घालते,
कप न बघताच उचलते,
अर्धा पिते, घड्याळ बघते.

परवा चप्पल घालताना म्हणाली,
शेवटी बटणाचंच घेतलं की आपण.
साडेतीनला कोपर मारते,
लगेच सुरू होतं.