प्रूफ

डेब्रेत्सेन, जानेवारी. खिडकीला आतूनही बर्फ.
म्हाताऱ्या वेंडेलला साडेएकोणचाळीस ताप.
उशाशी लेक, एटेल्का. दिवसभर प्रयोगशाळेत
ती ज्याच्या मागावर असते
तोच आज बापाच्या छातीत वस्तीला.

चाळीस वर्षं याने छापखान्यात खिळे जुळवले.
उलटी अक्षरं, आरशात सुलट दिसणारी.
पेरांतलं शिसं अजून गेलेलं नाही.

"तो आत करतो काय, सांग तरी."

ती सांगते, त्याच्याच धंद्याच्या भाषेत.
"आठ पट्ट्या घेऊन येतो, बाबा.
आठही उलट्या, तुमच्या खिळ्यांसारख्या;
तशाच्या तशा कुणाला वाचता येत नाहीत.
पेशीच्या गाभ्यात शिरतो,
जिथे घरचे हुकूम लिहिले जात असतात,
आणि शाई वाळायच्या आत
हुकमांच्या डोक्यावरच्या टोप्या
थोड्या मानेसकट छाटतो,
स्वतःच्या मजकुरावर चढवतो.
टोपी दिसली की कारखाना विचारत नाही
मजकूर कुणाचा."

वेंडेल हसतो, खोकतो, पुन्हा हसतो.
"म्हणजे टोपी घालतो म्हण की!"

"शेवटाशी येऊन अडखळतो,
एकच अक्षर, अ अ अ अ अ,
शेपूट होईपर्यंत.
मग आणखी एक खेप, तिला टोपी लागत नाही:
उलट्याचं सुलट, सुलट्याचं परत उलट,
सकाळपर्यंत हजारो."

"आणि प्रूफं कोण वाचतं?"

"कुणी नाही."

आता तो हसत नाही.
एकाहत्तर साली, रात्रपाळीला,
मृत्यूवार्तेत त्याच्या हातून एक अक्षर सुटलं होतं
आणि धाकट्याऐवजी थोरला भाऊ मेला.
सकाळी थोरला स्वतः दारात उभा,
टोपी हातात, भांडायलाही न आलेला.
नुसता म्हणाला, मी आहे अजून.

"चुकलेल्या प्रती बहुतेक मरतात," एटेल्का म्हणते.
बहुतेक. पुढचं ती गिळते:
एखादी चूक अशी बसते
की ओळखीच्या दारावर
रखवालदारालाही चेहरा पटत नाही.

तीन वाजतात. ती थर्मामीटर झटकते.
रजईवर त्याची बोटं चाळवतात,
खणातून काही वेचावं तशी.
असं वेचणं बरं नव्हे, हे तिला माहीत आहे.
ती मोजत राहते. चार, पाच.
सहाव्याशी बोटं थबकतात,
उचललेलं परत ठेवतात,
दुसरं घेतात.