सीट पुढे ओढून

सलग सहावा शनिवार, डॅरिलच्या आवारात.
पोर्ट ऑगस्टाच्या उन्हात चाकांवरची पांढरी घरं
कवळीतल्या दातांसारखी ओळीने उभी.
माझ्या खिशात यादी, चार घड्यांची:
इंजिन, टाकी, सोलर, किती लिटरला किती किलोमीटर.
ग्लेनिसच्या पर्समध्ये फक्त शिवणकामाची टेप.

चाळीस वर्षं मी मालगाडी चालवली
नलारबॉरच्या त्या सपाटीवर,
जिथे रूळ वळायचंच विसरतात.
त्यामुळे मला मोठं, लांबलचक काही हवं होतं,
मागे वळून पाहिलं तर संपलेलं दिसू नये असं.

शाळेची जुनी बस पाहिली.
बाकं उपटल्याच्या खुणा जमिनीवर,
छताला च्युइंगम, चिकटवणारा आता बहुधा आजोबा.
मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावले.
ग्लेनिस म्हणाली, "आणि ही वळवायची कुठे?"

ओढायचा कॅरव्हॅन पाहिला.
"या वयात शेपूट?" म्हणाली, आणि पुढे गेली.

मग ते महागडं मोटरहोम,
फ्रिज आमच्या घरातल्यापेक्षा मोठा.
ती संडासात गेली, दार लावलं,
आतून ओरडली, "माझं ऐकू येतंय?"
"स्पष्ट."
"मग नको."

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
मी बूट काढून, प्रत्येक गाडीत आडवा होऊन,
पाय पसरून अंथरूण पाहत होतो.
डॅरिल दारात उभा राहून
हसू नये म्हणून आकाशातले काकाकुवे मोजायचा.

आमच्या गल्लीतल्या क्लॅरीने घर विकून बस घेतली होती.
आठ महिन्यांत परत आला, मुलीच्या अंगणात.
आता बसमध्ये कोंबड्या आहेत,
ड्रायव्हरच्या सीटवरचं अंडं तो स्वतः उचलतो,
बाकीची नातवंडं.
याबद्दल आम्ही घरी बोललो नाही.

कुंपणाशी एक व्हॅन होती, कुणा प्लंबरची,
दारावर खरवडलेल्या फोन नंबरातले तीन आकडे अजून वाचता येणारे.
आत एक पलंग, एक शेगडी, एक खिडकी.
माझ्या यादीतलं एकही कलम तिला लागू होत नव्हतं.
ग्लेनिसने हात पुढे केला: "किल्ली."

बसली. सीट पुढे ओढली, खर्र आवाज झाला.
पर्स पाठीशी घेतली, आरसा आपल्या उंचीला आणला,
आणि दोन कचरापेट्यांच्या मधून
मागे, मागे, आणखी मागे,
कुठेही न लागता, टायरचा चुरचुर आवाज करत
थेट सावलीत.

मी टाळ्या वाजवायला हवी होती एक तरी.
पण डावा हात खिशात होता.
तो ईस्टरपासून खिशात असतो,
यादी धरून बसलोय असं मी लोकांना दाखवतो.
ती खिडकीतून म्हणाली, अगदी हळू,
"हल्ली तू चहाचा कप अर्धाच भरतोस, रेक्स.
मी आधी दुधाचा दोष समजले होते."

म्हणजे पहिल्या शनिवारपासून
ती गाडी शोधतच नव्हती.
ती शोधत होती असं काहीतरी, जे एखाद्या रात्री,
गाव दोनशे किलोमीटर लांब असताना,
मागच्या पलंगावर मला झोपवून
तिला एकटीला वळवता येईल.

रुळांवर स्टीअरिंग नसतं, हे कुणाच्या लक्षात येत नाही.
चाळीस वर्षांत मी वळलो नाही,
मला फक्त वळवलं गेलं.
डाव्या बाजूने चढलो, बसलो.
खिडकीत खारट झुडपं, त्यांच्या पलीकडे आखात,
आणि समोर पाहत राहायची आता सक्ती नाही.

सह्या झाल्या. डॅरिल नियमाप्रमाणे आत वाकला:
"साहेब, तुमच्यासाठी सीट मागे घेऊ?"
"राहू दे," मी म्हणालो.
ग्लेनिस तेव्हा मागे, गुडघ्यांवर,
किटली कुठे बसेल ते टेपने मोजत होती.