किलोमीटरची वही

तीन महिने गाडी जिन्याखाली उभी होती.
कव्हरवर शेजाऱ्यांची मांजर झोपायची,
तिला कुणी उठवलं नाही.
मग मुनीर म्हणाला, उभी राहिली की गाडी मरते, दादा,
आणि त्यानं जीभ चावली.
बॅटरीचे पैसे घेतले नाहीत.
पोस्टातली त्याची आर.डी. आईकडे होती, अकरा वर्षं.
हप्ता लांबला की ती गॅरेजसमोर जाऊन थांबायची.
बोलायची नाही काही. नुसती थांबायची.

मी बसलो तर गुडघे हँडलला लागले.
आरसे तिच्या उंचीचे.
त्यांत मला माझी कोपरं दिसतात
आणि चाकामागचा हातभर रस्ता.
मुनीरनं पाना काढला. राहू दे, म्हणालो.
मागचं बघायला थोडं वाकावं लागतं,
तेवढं चालेल.

डिकीत त्रिकोणी घडीच्या सात पिशव्या,
एक सुटी किल्ली, जिचं कुलूप आता कुणाला सांगता येणार नाही,
तोंडाला बांधायचा स्कार्फ,
आणि रबर लावलेली वही.

दत्तवाडी, कसबा, भवानी पेठ, परत: अकरा.
नाना पेठ, भोकरेबाई घरी नाहीत, पुन्हा जाणे: नऊ.
निळ्या शाईत कामाचं, लाल शाईत आपलं.
महिनाअखेर दोन बेरजा.
पेट्रोल कमिशनमधून किती, घरातून किती,
हे तिला कोण विचारणार होतं?

लाल शाईत मी पुष्कळ आहे.
अभ्या, क्लास: सहा.
अभ्या, डबा विसरला: चार.
अभ्या रुसून मामाकडे, आणायला जाणे: सतरा.
(हे मला आठवत नाही. तिनं रागावून लिहिलंय की हसून,
अक्षरावरून कळत नाही.)

मग श्रावणापासून दर मंगळवारी
'इतर: सोळा'.
निळ्या शाईत.

मंगळवारी तिचे हप्ते नसायचे.
आम्हाला तिनं सांगितलं दिवाळीनंतर,
फराळाचे डबे घासून पालथे घालताना,
नळ चालू ठेवून.
त्यापुढं आम्ही तिला कारनं नेलं, काचा वर करून,
आणि वही थांबली.

वहीच्या पुठ्ठ्यात पार्किंगच्या पावत्या होत्या, अकरा.
मी मंगळवारी रजा टाकली.
संगम पूल, स्टेशन, बंडगार्डन, नदी ओलांडून येरवडा.
मीटर बघत गेलो. आठ.
जाऊन येऊन सोळाच.

पार्किंगवाल्या म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं नाही,
गाडीकडे बघितलं.
मावशींची ना? आत घ्या, कडुनिंबाखाली.
सीट तापते म्हणून त्या तिथंच लावायच्या.
मी तिथंच लावली.
आतून नंबर पुकारत होते, आडनावं चुकवत.

म्हातारा आला, आतल्या खिशातून
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या नोटा काढल्या.
माझं खातं त्यांनीच काढून दिलं,
त्या समोरच्या बाकावरच्या आयाबाईचंही.
पाच महिन्यांचे साठलेत, कुणाकडं द्यायचे?

म्हणजे म्हणून निळी शाई?
हातात सलाईनची सुई टोचलेली,
आणि दुसऱ्या हातानं फॉर्म भरत होती ही?
की तिथं जाणंच तिनं कामात धरलं होतं,
आणि खाती मागाहून आली?

मी एजंट नाही, एवढंच म्हणालो.
असं, तो म्हणाला. मग घरी विचारून सांगा त्यांना.
नोटा पुन्हा प्लॅस्टिकमध्ये गेल्या.
मी मान हलवली.
ती हो होती की नाही, ते मलाही माहीत नाही.

रात्री वही उघडली.
तारीख टाकली. वार टाकला.
सोळा.
पेन दोन्ही होते डब्यात.
मी पेन्सिलनं लिहिलं.