डिंक

डोळा फुटला नाही.
बिटकोच्या सिग्नलला स्कूटर घसरली,
भुवई दुभाजकावर. चार टाके.
बुबुळ जागच्या जागी, पापणी लवते,
आरशातून दोन्ही डोळे नानांसारखेच बघतात.
फक्त डाव्यापुढे काही नाही.
अंधारसुद्धा नाही, म्हणतात,
पाठीमागे जसं काही दिसत नाही, तसं.

केसपेपर: पुंजाराम बोराडे, वय चौसष्ट.
अडतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये,
तिकिटांच्या पाठीला डिंक चढवणाऱ्या मशीनवर.

मी त्याच दवाखान्यात पडद्याचे फोटो काढते.
दर मंगळवारी बापाची हनुवटी माझ्या टेकणीवर.
"हिरव्या ठिपक्याकडे बघा."
"कुठला ठिपका?"
दर मंगळवारी चुकून विचारते.

स्क्रीनवर पदर सुटतात, चिरोट्याला सुटावेत तसे.
सगळ्यात वरचा पातळ होत चाललाय.
घाव मागे, हाडाच्या बोगद्यात,
पण नस म्हणजे याच पेशींच्या लांब शेपट्या.
शेपटी चेचली
की काही आठवड्यांनी डोकं जातं.

"आणि बाकीचे?" नाना विचारतात. "शेजारचे काय करतात?"

शेजारी असतात, नाना, न बघणाऱ्या पेशी.
ग्लिया. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ डिंक.
सहा आठवड्यांत पहिल्यांदा हसले.
"म्हणजे आपलंच डिपार्टमेंट."

मग मी सांगते, फोटोत येत नाही ते.
काही पेशी खांबासारख्या, पडद्याच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत,
एरवी मीठ-पाणी बघतात, उजेडाला वाट देतात.
घावाची बातमी आली की फुगतात,
आतल्या आत धागे विणून ताठ होतात.
काही बारक्या, फांद्या पसरून पहारा देणाऱ्या.
त्या फांद्या आवरून घेतात,
छाटणी झालेल्या द्राक्षवेलीसारख्या बोडक्या,
आणि मेलेलं खायला लागतात.
घर साफ व्हायला हवंच ना.

आई गेली तेव्हा जेलरोडला
आमची चूल बंद. सोजरबाईंनी पिठलं-भाकरी आणली,
नानांना धरून कडू घास भरवला.
तेरा दिवस सगळं तिनंच ओढलं.
चौदाव्या दिवशी गॅलरी झाडताना
आईच्या डालडाच्या डब्यातला कढीपत्ता उपटून टाकला,
सुकलाय म्हणून.
मी कचऱ्यातून उचलून नख लावलं.
बुडाशी हिरवा होता.

त्या पेशींचंही तसंच होतं, म्हटलं.
जगू शकलं असतं, तेही कधीकधी खाल्लं जातं.
वाईट हेतू नसतो कुणाचा.
नाना बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "डिंक पातळ पडला तर तिकीट गळतं.
जाड पडला तर पावसाळ्यात
गठ्ठाच्या गठ्ठा एकमेकांना धरून बसतो.
सोडवायला जावं, तर चेहरे फाटतात."

एक पट्टेरी मासा असतो, बोटाच्या पेराएवढा.
त्याच्या डोळ्यातले हेच खांब
घावानंतर नव्या बघणाऱ्या पेशी घडवतात.
"दारणेत मिळतो का?"
मिळाला तरी काय करणार, नाना?
"काही नाही. बघून येऊ म्हटलं. उजव्यानं."

आजचा मंगळवार.
आकडा पन्नासला टेकलाय, मागच्या खेपेचाच.
"थांबलं वाटतं," ते म्हणतात, आवाजात जरा उजेड.
कसं सांगू, की यंत्र शून्य कधीच दाखवत नाही.
तंतू सगळे गेले
तरी एवढी जाडी उरतेच.
"मग उरलंय ते काय?"

मी प्रिंटची बटणं दाबत राहते.
त्यांना कळतं. अडतीस वर्षं.
"तिकीट नाही, नुसता डिंक," म्हणतात,
जिभेला अंगठा लावतात
आणि केसपेपरचं पान उलटतात.