ठराव क्रमांक एकोणीस

शेवटची सभा शाळेच्या ओट्यावर झाली,
ग्रामपंचायतीतला पंखा आधीच कोणीतरी काढून नेला होता.
अकरा माणसं. त्यातली तीन पाण्याचं विचारायला आलेली.
सचिव झाडे वाचत गेले
सूचक, अनुमोदक, सर्वानुमते,
आणि मी सही केली:
कुसुम कवडूजी भोयर, सरपंच, मौजा बोरटोला.

सही शिकले ती याच खुर्चीसाठी.
पहिलं वर्षभर भ ची वरची गाठ राहून जायची,
मी मोयर व्हायची.
झाडे म्हणायचे, गाठ मारा बाई, गाठ.
आता गाठ बरोबर येते
तर सही मागणारं कोणी नाही.

शिक्का जमा केला. पावती मिळाली:
रबरी शिक्के नग दोन, दप्तरपेट्या चार,
दवंडीची डफली एक, फुटकी.

खोटं कशाला बोलू, दिवे आले.
रिंग रोडवरून पाहिलं
तर आमची गल्ली आता नागपूरच दिसते.
डोमा उईकेच्या म्हशींना मात्र
रात्र झाली हेच कळत नाही,
खांबाखाली उभ्याच असतात.

मागच्या मंगळवारी झोन ऑफिसला गेले,
नातीच्या शाळेसाठी रहिवासी दाखला.
चौथी खिडकी. पोरगा चांगला होता,
पाणी पिता का म्हणाला.
मग म्हणाला, काहो आजी, तुम्ही तिथं राहता
हे लिहून देणारं कोणी आहे का?

पाच वर्षं मी हेच लिहून दिलं.
पालावरच्यांना दिलं,
वीटभट्टीवरच्या छत्तीसगडी पोरीला दिलं
जी बाळंत होण्यापुरतीच गावात होती.
सदर व्यक्तीस मी ओळखते.
या एका ओळीसाठी तर होतं ते ऑफिस,
बाकी सगळं बिलं आणि मोटर जळणं.

आणते जी कोणाला तरी, म्हटलं,
आणि बाहेर बाकावर येऊन बसले.
बाजूला खालच्या टोलीतली वच्छला चाफले,
तिलाही तोच कागद हवा.

पिशवीतून पेन काढला.
तिच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं
सदर व्यक्तीस मी ओळखते
आणि सही केली, गाठीसकट.

चालणार नाही, हे दोघींनाही माहीत होतं.
तिनं शाई वाळू दिली,
मग चार घड्या घालून
कागद बटव्यात ठेवला, पैशांच्या बाजूला.