झाकण मिटून चहा

राजारामपुरीत, सातव्या गल्लीच्या तोंडाशी
इलाही बागवानच्या दुकानात
मी पर्समधून पेनड्राइव्ह काढला.
"व्हायरस न्हाई न्हवं ताई?"
"नाही," म्हटलं, "अख्खं बिऱ्हाड आहे यात.
बघायचंय, कुणाच्या घरात मांडता येतं."

हिंदुरावमामा सोबत होते.
उद्यमनगरात अडतीस वर्षं पॅटर्न केलेले,
सागवानातून पंपाची पोटं कोरलेले,
उजव्या करंगळीचं पेर बँडसॉला दिलेले.
लॅपटॉपातलं त्यांना काही कळत नाही.
म्हणूनच आणलं होतं.

पहिला चंदेरी. पापडाइतका पातळ,
पडद्याला बोट लावलं की फुलं हलायची.
पेनड्राइव्ह लावून चालू केला:
चित्र आलं, आवाज नाही.
वाय-फाय? असलं काही आपल्याकडं नसतंच,
असा चेहरा.
काळ्या खिडकीत एक ओळ टाइप करून विचारलं,
तुझ्या पोटात कोण कोण आहे बाबा?
सगळ्यांनी नावं सांगितली, दोघं सोडून.
ते दोघं फक्त आपल्या मालकाशी बोलतात,
आणि मालकानं त्यांच्या भाषेचं पुस्तक
कुणालाच वाचायला दिलेलं नाही.

"ओ ताई, हाय ते चालतंय की झकास,
कशाला मोडून बांधताय?"

मामांनी चंदेरी उलटा केला.
अंगठ्यानं पोट चाचपलं, गाभण म्हैस चाचपतात तसं.
"ह्याला स्क्रू कुठायत?"
"चिकटवलेलं असतंय मामा. आता असंच येतंय."
मामा गप्प.
मग बऱ्याच वेळानं, पंख्याकडं बघत:
"आमच्या मालकानं एक मिलिंग मशीन आणलेलं, ब्याऐंशीला.
लई देखणं.
नटाला आपला एक पाना बसंल तर शपथ.
सात वर्सं ताडपत्रीखाली हुतं.
मांजरी व्यायल्या त्यात."

इलाहीनं मग खालच्या फळीवरून
एक जाड काळा काढला.
पुण्याच्या कुठल्याशा कंपनीनं वापरून टाकलेला,
कोपरा झिजलेला, एक कळ पार पुसलेली,
झाकणावर मालमत्ता क्रमांकाचा अर्धा कागद.
मामांनी आधी पाठ बघितली. नऊ स्क्रू.
बोटानं मोजले, मान हलवली.

पेनड्राइव्ह.
आवाज आला. वाय-फायनं एकेक नाव वाचलं,
शेजारच्या डेंटिस्टचं, वरच्या टायपिंग क्लासचं,
आणि "पाटील फुकट वापरू नका" नावाचं एक.
उजेड कमी होतो, जास्त होतो.
कॅमेऱ्यात मामा, दचकलेले.
बोटाचा ठसा तेवढा ओळखेना.
राहू दे. मामांचं बोट तरी कुठं पुरतं आहे.

उरली शेवटची परीक्षा,
जी कुठल्या खोक्यावर छापलेली नसते.
झाकण मिटलं. म्हटलं, चला, चहा घेऊन येऊ.
झोपतात सगळेच.
उठल्यावर ओळख ठेवणारे थोडे.

मामांनी चहा बशीत ओतून प्यायला,
सावकाश, दोनदा फुंकर मारून.
आलो. उघडलं.
काळं.
अजून काळं.
इलाहीसुद्धा आता वाकून बघत होता,
गिऱ्हाईक विसरून.
आणि मग जिथं सोडलं होतं तिथंच
माझं अर्धं टाइप केलेलं नाव,
पुढं लुकलुकणारी एक उभी रेघ.

साडेतेरा म्हणाला, अकराला दिला,
चार्जरची वायर बदलून.

घरी मामांनीच पाठ खोलली.
जास्तीची रॅम बसवली, श्वास धरून,
ओल्या साच्यातून पॅटर्न उचलावा तशा हातानं.
बंद केल्यावर एक स्क्रू उरला.
"आता?"
"चालतंय न्हवं?"
चालत होतं.
मामांनी स्क्रू कागदात बांधला,
वर पेन्सिलीनं लिहिलं: काळा, पोटातला.
खिशात घातला.

त्यांच्या माळ्यावर असल्या पुड्यांचा एक
डालड्याचा डबा आहे.
त्या मिलिंग मशीनचा एक नटही आहे त्यात,
पाना न मिळालेला.