टेल

मिरजेत, तळघरात,
अण्णांचा चांदीचा करदोटा उतरवला.
"धातू चालत नाही," निळ्या कपड्यातली मुलगी म्हणाली
आणि करदोटा, चष्मा, चावीचं घड्याळ
माझ्या ओंजळीत ठेवून गेली.

सुई नाही, औषध नाही, तिनं सांगितलेलं.
मानेपाशी रक्तातल्या पाण्यालाच
चुंबकानं खूण करायची,
दोनेक सेकंद थांबायचं,
मग वर कुठं कुठं पोचलं ते बघायचं.

हे मला माहीत होतं.
कुंडलच्या पुढं, कालव्याच्या भरावावर
अण्णा वरच्या खुणेपाशी भेंडाचा तुकडा सोडायचे,
मी फ्रॉक सावरत त्याच्या बरोबरीनं पळायची
आणि खालच्या खुणेला ओरडायची, "आलाऽऽ!"
ते घड्याळ बघून वहीत सेकंद लिहायचे.
एकदा तुकडा गवतात अडकला,
तरी मी ओरडले.
त्यांनी आकडा लिहिला, मग खोडला.
मला काही बोलले नाहीत.

आत ठकठक चाललेली,
पाटाच्या दारावर कुणी गंज झाडत असल्यासारखी.
"हलू नका हं, चौगुले काका."
काका हलले.
पुन्हा पहिल्यापासून.

डॉक्टर देशिंगकरांनी पडदा माझ्याकडं वळवला.
पुढं तांबडं, पिवळं.
मागं, दोन्ही कडांना, निळं,
मग नुसतंच काळसर.
ते हळू बोलत होते,
मला ऐकू यावं, अण्णांना नाही, अशा बेतानं.

पण अण्णा पुढं वाकले.
तीस वर्षं नकाशे वाचलेलं बोट
काळसर कडेवर टेकलं:
"टेलला पाणी पोचंना झालंय."

"तसं नाही काका," डॉक्टर म्हणाले,
"वाट मोकळी आहे. तुंबलेलं कुठं काही नाही.
त्या भागाचं मागणंच कमी झालंय."

अण्णांनी मान हलवली. त्यांना पटलं.
"मग बरोबर हाय.
सात नंबरचा अर्ज भरल्याबिगर पाणी सुटत न्हाई,"
आणि माझ्याकडं वळून, अगदी सौजन्यानं,
"तुमचं रान कुठल्या चारीवर, बाई?"

मी चारीचा नंबर सांगितला.
जो आठवला तो.

रिक्षात त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं.
कृष्णाघाटाच्या रस्त्याला लागेपर्यंत
ते काट्याकडं बघत होते.
"आला काय?"

"आला," मी म्हटलं.

त्यांनी गुडघ्यावर बोट फिरवलं,
लिहिल्यासारखं.
की खोडल्यासारखं.